पोहणारं पोर पाण्यातून परत आलंच पाहिजे: पालक, कोच आणि स्वीमर्ससाठी

स्वीमिंगमधलं एखादं मोठं होऊ घातलेलं नाव विशी-पंचविशीत जातं आणि मग सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, अरे एवढा फिट होता, त्याला कसं काय झालं. हळहळ खरी असते, त्यात वादच नाही, पण मेडल, रेकॉर्ड, हसरा फोटो, श्रद्धांजली एवढ्यावर सगळं थांबतं आणि तो नेमका गेला कसा, कुठे कुणाचं लक्ष असायला हवं होतं, हे कुणी बोलतच नाही. मला ते बोलायचंय. तुमच्या घरात स्पर्धेसाठी पोहणारं मूल असेल, तुम्ही कोच असाल किंवा स्वतः पोहत असाल तर या गेलेल्या स्वीमर्सच्या आयुष्यातून शिकण्यासारखं खूप आहे, आणि त्यातलं बरंचसं करायला पैसेही फारसे लागत नाहीत, लागते ती शिस्त आणि पाण्यावर नजर.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढा, की ज्याला उत्तम पोहता येतं तो पाण्यात सेफ असतो. उलट होतं. शिकाऊ पोरावर दहा जणांची नजर असते आणि नॅशनल लेव्हलच्या स्वीमरकडे कुणी बघतच नाही, तो तळाशी पडून असला तरी लोकांना वाटतं काहीतरी ड्रिल चाललंय.

घरातली हिस्टरी आधी काढा

अलेक्झांडर डाले ओएन हे नाव ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना माहीत असणारच. नॉर्वेचा, जन्म १९८५ चा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला कोसुके किताजिमाच्या मागे सिल्व्हर, आणि नॉर्वेचं स्वीमिंगमधलं ते पहिलंच ऑलिम्पिक मेडल. मग २०११ ला शांघायच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५८.७१ सेकंदात गोल्ड. ती रेस विसरता येत नाही कारण तीनच दिवस आधी, २२ जुलैला, त्याच्या देशात ओस्लो आणि उटोया बेटावर हल्ले होऊन ७७ माणसं गेली होती, आणि जिंकल्यावर त्याने टोपीवरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी लंडन ऑलिम्पिक जेमतेम तीन महिन्यांवर असताना, ३० एप्रिल २०१२ ला, अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला टीमचा कॅम्प चालू होता, तिथे तो बाथरूममध्ये कोसळलेला सापडला. वय २६. पोस्टमॉर्टममध्ये निघाला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, म्हणजे जो आपण साठीतल्या माणसांचा समजतो तोच. आणि त्याचे आजोबा ४२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते.

ही आजोबांची ओळ वाचून मी दर वेळी थांबते. कारण अशी माहिती प्रत्येक घरात असते, फक्त ती क्लबच्या फॉर्मवर कधी येत नाही. फॉर्मवर "काही आजार आहे का" असा प्रश्न असतो, आपण "नाही" लिहितो आणि सही करतो.

तर हे करा. एका कागदावर मुलाची भावंडं, आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावश्या आणि त्यांची मुलं अशी सगळी नावं लिहा, आणि प्रत्येकाच्या पुढे, गेले असतील तर कितव्या वर्षी आणि कशाने ते लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना सगळं आठवत असतं. पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, झोपेत गेलं का, कुणाला फिट यायच्या का, कुणी वारंवार चक्कर येऊन पडायचं का, कुणी चांगलं पोहता येत असून बुडालं का, कुणाची गाडी काही कारण नसताना रस्त्याबाहेर गेली का, तान्हं बाळ अचानक गेलं का. शेवटचे तीन प्रश्न विचित्र वाटतील पण ते मुद्दाम विचारा, कारण हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याचे जे आनुवंशिक आजार आहेत ते घराण्यात बऱ्याचदा अशाच वेशात येऊन गेलेले असतात, लोक त्याला अपघात किंवा नशीब म्हणून सोडून देतात.

कागद डॉक्टरांना दाखवा. तरुण वयातला हार्ट अटॅक घरात असेल तर मुलाचं कोलेस्टेरॉल तपासायला सांगा, मूल सडपातळ असलं तरी. आनुवंशिक हाय कोलेस्टेरॉल बारीक मुलांतही असतं आणि दिवसातून दोनदा पोहून ते जात नाही.

ईसीजी काढा, पण ईसीजीवर सगळं टाकू नका

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तपासणी सक्तीची आहे आणि तिच्यात ईसीजी धरलेला आहे. बाकी अनेक देशांत डॉक्टरांची मतं वेगळी आहेत, कारण ईसीजीत खोटे अलार्म पण येतात आणि चांगली मुलं उगाच महिनोन्महिने घरी बसतात. माझं मत विचाराल तर सिरियस ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी एकदा ईसीजी काढावा आणि तो खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या कार्डिओलॉजिस्टने बघावा, कारण रोज तासन्‌तास ट्रेनिंग करणाऱ्याचं हृदय थोडं मोठं आणि ठोके कमी असणं हे नॉर्मल असतं आणि सवय नसलेला डॉक्टर त्याला आजार समजू शकतो.

ईसीजीत काय सापडू शकतं तर लाँग क्यूटी, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, हृदयात ठोक्यांची वीज जायला जन्मतःच एक जादाचा रस्ता असणं, असं. यातलं लाँग क्यूटी स्वीमर्सनी नाव पाठ करून ठेवावं असं आहे. हृदय एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला जो वेळ घेतं तो यात लांबतो, आणि त्या लांबलेल्या वेळेत गडबड झाली की ठोके एकदम बेताल होतात. त्याचा पहिला प्रकार असा आहे की गडबड बहुतेकदा जोराच्या व्यायामात होते आणि पोहणं हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं कारण. म्हणजे मूल पाण्यात बेशुद्ध पडलं, बाहेर काढल्यावर शुद्धीवर आलं, सगळे म्हणाले पाणी नाकात गेलं असेल किंवा सकाळी काही खाल्लं नसेल, तर तिथे थांबायचं नाही. पाण्यात शुद्ध हरपणं याला चक्कर म्हणायचंच नाही, कार्डिओलॉजिस्टने ओके म्हणेपर्यंत ते मूल पाण्यात उतरणार नाही, मग समोर कितीही मोठी मीट असू दे. फिटचं औषध सुरू झालेल्या काही मुलांना खरं तर हाच आजार असतो, त्यामुळे फिट म्हणून निदान झालं असेल तरी एक ईसीजी मागून घ्या.

आणि सापडलं म्हणजे करिअर संपलं असंही नाही. अमेरिकेची डेना व्होल्मर, तिला पंधराव्या वर्षी हृदयाचा त्रास निघाला, लाँग क्यूटीही असू शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं. पोहणं सोडायचं नाही असं तिने ठरवलं, आणि तिची आई एईडी, म्हणजे छातीला शॉक देणारं मशीन, सोबत घेऊन प्रत्येक ठिकाणी डेकवर, म्हणजे पूलच्या काठावर, हजर असायची. २००४ ला अथेन्समध्ये रिलेचं गोल्ड, २०१२ ला लंडनमध्ये १०० मीटर बटरफ्लायला ५५.९८ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड आणि गोल्ड. हा निर्णय प्रत्येकाने घ्यावा असं मी म्हणत नाहीये, तो डॉक्टर, मूल आणि आईवडील यांनी मिळून घ्यायचा असतो, पण माहीत असल्यामुळे त्या घराकडे निर्णय घ्यायची संधी तरी होती.

आता दुसरी बाजू. साधा, झोपून काढलेला ईसीजी रक्तवाहिनीतला अडथळा बऱ्याचदा दाखवत नाही. म्हणजे डाले ओएनसारख्या केसमध्ये ईसीजी नॉर्मल येऊन सगळे निवांत राहिले असते असंही होऊ शकतं. म्हणून कागदावरची हिस्टरी आणि मुलाच्या तक्रारी या दोन गोष्टी ईसीजीपेक्षा कमी महत्त्वाच्या नाहीत.

मुलं काय लपवतात

स्पर्धेतली मुलं त्रास लपवतात, कारण सांगितलं तर रिलेतून नाव जाईल ही भीती असते, आणि खरं सांगायचं तर आपणच त्यांना शिकवलेलं असतं की दुखलं तरी सेट पूर्ण करायचा. त्यामुळे "ठीक आहेस ना?" असं विचारूच नका, त्याला उत्तर एकच येतं. नेमकं विचारा. शेवटच्या शंभरला छातीत काही दाबल्यासारखं वाटलं का? ठोके मध्येच एकदम पळाले आणि एकदम थांबले असं झालं का? टर्न मारताना डोळ्यापुढे अंधारी आली का? बाकीची मुलं दम खाऊन पुन्हा निघाली तेव्हा तुला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता का? गेल्या महिन्यात जो टायमिंग सहज यायचा तो आता का येत नाहीये? या शेवटच्या प्रश्नाला आळस हे उत्तर कोचने लगेच देऊन टाकू नये. खांदा दुखणं स्वीमरला नवीन नाही, पण जोर केला की दुखतं आणि थांबलं की जातं, सोबत छातीत किंवा जबड्यात जाणवतं, असं असेल तर फिजिओच्या आधी हृदयाच्या डॉक्टरकडे.

तापाचं पण सांगून ठेवते. अंगात ताप असताना, अंग मोडून आलेलं असताना ट्रेनिंग नाही म्हणजे नाही. व्हायरल आजार कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो, आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम झाला तर ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. साधी सर्दी, नाक गळणं वेगळं. ताप उतरल्यावर पण पहिले काही दिवस हलकं पोहणं, आणि दम लागणं, छातीत दुखणं, धडधड यातलं काही असेल तर परत डॉक्टर. सूज असल्याचं निदान झालं तर महिनोन्महिने, साधारण तीन ते सहा महिने, स्पर्धात्मक व्यायाम बंद असतो आणि तो काळ पाळायचाच.

श्वास रोखण्याचे सेट

यावर मला सगळ्यात जास्त राग येतो कारण इथे गेलेली मुलं बहुतेक वेळा एकदम निरोगी असतात. ना हृदयाचा आजार, ना काही. एकटं पूलमध्ये राहून, ट्रेनिंग संपल्यावर, अजून एक लेंग्थ पाण्याखालून काढतो म्हणून गेलेली.

काय होतं ते नीट समजून घ्या. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून, ऑक्सिजन कमी झाला म्हणून तेवढा नाही. पाण्याखाली जायच्या आधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड खूप खाली जातो, ऑक्सिजन मात्र काही विशेष वाढत नाही. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो तरी श्वास घ्यायची इच्छा होत नाही, उलट मस्त वाटत असतं, आणि त्यातच दिवा मालवल्यासारखी शुद्ध जाते. आधी कसलीही सूचना नसते, धडपड नसते, हात वर करणं नसतं, कधी कधी तर शुद्ध गेल्यावरही एक दोन किक चालू राहतात त्यामुळे वरून बघणाऱ्याला वाटतं पोहतोय. आणि आधीच ऑक्सिजन संपलेला असल्यामुळे मेंदूला इजा व्हायला नेहमीच्या बुडण्यापेक्षाही कमी वेळ लागतो. जिद्दी आणि सहनशक्ती असलेल्या मुलाला धोका जास्त, कारण बाकीचे जिथे सोडून देतात तिथे तो सोडत नाही.

कोचना एक विचारायचंय. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायला स्टार्ट आणि टर्ननंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं, त्या मार्काच्या आत डोकं वर यावंच लागतं. मग ५० मीटर पाण्याखालून, त्यावर पुन्हा ५०, कमी रेस्टवर, असले सेट कुठल्या रेससाठी? पाण्याखालची किक सुधारायची असेल तर १०-१५ मीटर, पूर्ण स्पीडने, मध्ये भरपूर विश्रांती देऊन करून घ्या, त्याने रेसमध्ये खरंच फरक पडतो.

स्वीमर्ससाठी नियम सोपे आहेत. पाण्याखाली जायच्या आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, एक साधा श्वास आणि निघायचं. किती लांब जातो याची मित्रांशी पैज लावायची नाही. कोच डेकवर उभा नसताना पाण्याखालचं काहीच करायचं नाही, वॉर्मडाउनमध्ये पण नाही. एक जण पाण्याखाली असेल तर एक जण वर, आणि वरच्याने फक्त त्याच्याकडेच बघायचं, घड्याळाकडे नाही, फोनकडे नाही. शुद्ध जाऊन परत आलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

ओपन वॉटर: नाव घेऊन मोजा

फ्रॅन क्रिपेनबद्दल थोडं सविस्तर लिहिते. जन्म १७ एप्रिल १९८४, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. घरात तीन बहिणी, मॅडी, क्लेअर, टेरेसा, तिघी स्वीमर, मॅडी तर २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला जाऊन आलेली. फ्रॅन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून पोहला, पुढे पूलमधून ओपन वॉटरला, म्हणजे समुद्र-तलावातल्या लांब रेसला, वळला आणि २००९ च्या रोम वर्ल्ड चॅम्पियनशिपला १० किलोमीटरमध्ये ब्रॉन्झ मिळवलं. पुढचं टार्गेट लंडन होतं. टीममध्ये सगळ्यांना हवाहवासा वाटणारा मुलगा होता असं त्याचे सोबती सांगतात.

२३ ऑक्टोबर २०१० ला यूएईमध्ये फुजैराला वर्ल्ड कपची १० किलोमीटरची रेस होती. हवा गरम, पाणी गरम. रेस संपली, स्वीमर्स बाहेर आले, काही जणांना उष्णतेचा त्रास झाला म्हणून उपचार करावे लागले. आणि फ्रॅन आलाच नव्हता. हे लक्षात आलं ते त्याचा मित्र आणि टीममेट ॲलेक्स मायर याच्या, आयोजकांच्या नाही. आत्ताच दहा किलोमीटर पोहून आलेली पोरं त्याला शोधायला परत पाण्यात गेली. फ्रॅन सापडला पण खूप उशीर झाला होता. वय २६.

चौकशी झाली, मृत्यूमागे काय काय असू शकतं यावर वेगवेगळी मतं आली, पण पाणी गरम होतं आणि एक माणूस बाहेर आला नाही हे वेळेवर कुणाला कळलं नाही, या दोन गोष्टी तर समोरच आहेत. त्यानंतर जागतिक संघटनेने पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा ३१ डिग्री ठरवली आणि यूएसए स्वीमिंगने आपल्या रेससाठी ती २९.४५ डिग्रीवर ठेवली. घरच्यांनी त्याच्या नावाने फाउंडेशन काढलं जे ओपन वॉटरच्या सेफ्टीवर काम करतं. मला स्वतःला ३१ ही मर्यादा फार वर वाटते. पाण्यात घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड व्हायचा मुख्य मार्गच बंद असतो, आणि पुढचे दोन तास स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. नियमात बसतंय म्हणून पोरगं उतरवायचंच असं काही नाही, कोच म्हणून तुमची स्वतःची मर्यादा आधीच ठरवा, आदल्या रात्री, रेसच्या सकाळी सगळे तयार होऊन उभे असताना नाही. २०११ ला शांघायच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २५ किलोमीटरला पाणी तापलेलं बघून काही मोठ्या स्वीमर्सनी माघार घेतली होती, त्यांचं कुणी काही बिघडवलं नाही.

कुठल्याही ओपन वॉटर रेसला, मग ती किती का छोटी असेना, आदल्या दिवशी आयोजकांना विचारायचे प्रश्न असे: तापमान कुठे, किती खोलीवर आणि कधी मोजणार? नियमाप्रमाणे ते कोर्सच्या मध्यावर, ४० सेंटिमीटर खोलीवर, स्टार्टच्या दोन तास आधी मोजतात, काठावर पाय बुडवून नाही. बोटी आणि कयाक किती, आणि कोर्सचा असा कुठला भाग आहे का जो एकाही बोटीतून दिसत नाही? माघार घेतलेल्या स्वीमरची नोंद कोण ठेवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात किती गेले आणि बाहेर किती आले याची यादी कुणाच्या हातात असेल, त्या माणसाला भेटता येईल का? शेवटच्या प्रश्नाला "ते होईल हो" असं उत्तर आलं तर मी मूल उतरवणार नाही.

मोजणी डोकी मोजून करायची नाही, नावं वाचून करायची. चाळीस गेले, चाळीस आले, यात एक प्रेक्षक टॉवेल गुंडाळून उभा असला तरी मोजला जातो. नाव घ्या, चेहरा बघा, टिक करा. दंडावर नंबर, टोपी भडक रंगाची, निळी किंवा काळी अजिबात नको, निळ्या पाण्यात निळी टोपी दिसत नाही. तुमच्या क्लबची चार मुलं असतील तर तुमची वेगळी यादी ठेवा, आयोजकांची असली तरी.

फीड स्टेशनवर, म्हणजे रेस चालू असताना स्वीमरला प्यायला देतात तिथे, उभं राहणाऱ्याने बाटली पुढे करण्याबरोबर माणूस बघायचा. एका मिनिटात किती हात पडतायत ते प्रत्येक लॅपला मोजून ठेवा, ७२ वरून ६४ वर आले तर काहीतरी चाललंय. सरळ पोहणारा वाकडातिकडा जायला लागला, बाटली घ्यायला विसरला, हाक मारली तर भलतंच उत्तर दिलं, गरम असून थंडी वाजते म्हणाला, यातलं एक जरी दिसलं तरी काढा बाहेर. त्याला विचारायचं नाही कारण त्या अवस्थेत मेंदूच नीट चालत नसतो, तो हो चालू ठेवतो असंच म्हणणार. बाहेर काढल्यावर उष्माघात वाटत असेल तर आधी थंड करायचं, बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा, डोकं एकाने धरून ठेवा, ॲम्ब्युलन्सला फोन करा, पण ॲम्ब्युलन्सची वाट बघत थंड करणं थांबवू नका.

आणि मुलांना शिकवा की रेसमध्ये शेजारी पोहणारा अचानक दिसेनासा झाला तर थांबायचं आणि हात वर करून ओरडायचं. रेस गेली तर गेली.

डेकवरची तयारी

२२ जून २०२२ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आर्टिस्टिक स्वीमर अनिता अल्व्हारेझ सोलो संपवता संपवता बेशुद्ध होऊन तळाकडे जायला लागली. पाण्यात उडी मारली ती तिची कोच आंद्रेआ फुएन्तेसने, होती त्या कपड्यांत. कारण ती बघत होती, आणि आपली मुलगी रूटीन संपल्यावर कधी वर येते हे तिला पाठ होतं. अनिता वाचली. वर्ल्ड लेव्हलच्या मीटला, सगळी व्यवस्था असताना सुद्धा, पहिली हालचाल ओळखीच्या नजरेने केली.

तुमच्या पूलवर एईडी आहे का, कुठे आहे, त्या खोलीला कुलूप असतं का आणि किल्ली सकाळी साडेपाचला कुणाकडे असते, हे उद्याच बघा. लांबच्या टोकापासून पळत जाऊन मशीन घेऊन परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, तीन मिनिटांच्या वर जात असेल तर मशीनची जागा बदला. हृदय बंद पडल्यावर शॉक आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, यांच्याशिवाय गेलेल्या दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. मशीनचा हिरवा दिवा, पॅडवरची एक्स्पायरी डेट महिन्यातून एकदा बघायची आणि सही करायची. मशीनसोबत पिशवीत दोन कोरडे टॉवेल, रेझर आणि चांगली जाड कात्री ठेवा. कात्री का, तर रेसिंग सूट इतका घट्ट असतो की मुलीच्या अंगावरून तो हाताने उतरवणं त्या घाईत शक्यच नाही, सरळ कापायचा, कितीही महाग असू दे. लाज, संकोच तेव्हा बाजूला.

कोसळलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यातून बाजूला घ्या, हलवा, हाक मारा, दहा सेकंदांच्या आत बघा श्वास नीट चालू आहे का. मध्येच एखादा आचका देऊन घेतलेला श्वास म्हणजे श्वास नाही, आणि सुरुवातीला फिटसारखे झटके येऊ शकतात, त्याने फसू नका, तोंडात चमचा वगैरे घालत बसू नका. एकाने फोन करायचा, एकाने एईडीसाठी पळायचं, एकाने सुरू करायचं, आणि हे कोण कोण ते नाव घेऊन सांगायचं, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत राहतात. पाण्यातून काढलेल्याला आधी श्वास द्यायचे असतात, युरोपातल्या पद्धतीत पाच, अमेरिकेतल्यात दोन, तुम्ही ट्रेनिंग जे घेतलं असेल तसं. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, २ श्वास, ३० दाब, २ श्वास. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मशीन आलं की छाती पुसून कोरडी करा, पॅड लावा, ते बोलून सांगतं तसं करा. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही, हात भरून आले की माणूस बदला. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसायला लागतो, म्हणून क्लबमधले कोच, मोठी मुलं आणि निदान चार-पाच पालक यांनी कोर्स करा आणि दर सीझनला एकदा पूलवरच खोटी इमर्जन्सी करून बघा, न सांगता.

कपडे बदलायची खोली, शॉवर, टॉयलेट इथेही लक्ष हवं. डाले ओएन बाथरूममध्ये सापडला. हाँगकाँगचा केनेथ टो, २०१० च्या यूथ ऑलिम्पिकमध्ये सहा मेडल मिळवलेला, २०१९ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात ट्रेनिंगला गेला होता, त्याला लॉकर रूममध्येच बरं वाटेनासं झालं आणि तो हॉस्पिटलमध्ये गेला. वय त्याचंही २६. ट्रेनिंग संपलं म्हणजे जबाबदारी संपली असं कोचला वाटतं, पण शेवटचं मूल कपडे घालून गेटबाहेर पडेपर्यंत कुणीतरी मोठं माणूस तिथे पाहिजे, आणि आत गेलेलं कुणी बराच वेळ बाहेर आलं नाही तर दार वाजवायचं.

एवढं करूनही एखाद्या घरात हे घडलं असेल तर

हे लिहायला जड जातंय पण लिहिलं पाहिजे, कारण त्या दिवसांत घरच्यांना कुणी सांगत नाही. तरुण, निरोगी दिसणारा स्वीमर अचानक गेला आणि कारण उघड नसेल तर पोस्टमॉर्टमला नाही म्हणू नका, आणि हृदय त्या विषयातल्या तज्ज्ञाकडून तपासलं जाईल का, जनुकांच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना राखून ठेवता येईल का हे त्याच वेळी विचारा, नंतर ते शक्य होत नाही. काही वेळा पोस्टमॉर्टममध्ये हृदय अगदी नॉर्मल दिसतं, आणि ठोक्यांचा आजार फक्त जनुकातच सापडतो. घरातलं कुणीतरी समजूतदार, आत्या असेल, मामा असेल, त्यांनी हे बोलणं अंगावर घ्यावं, आईवडिलांवर टाकू नये.

मग सख्खी भावंडं आणि आईवडील, सगळ्यांनी कार्डिओलॉजिस्टकडे जायचं, ईसीजी, इको, आणि डॉक्टर म्हणतील तर पळत्या पट्ट्यावरची टेस्ट. यातले बरेच आजार प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते, आणि लाँग क्यूटीसारख्या आजाराला रोज घ्यायच्या साध्या गोळ्या आहेत. धाकटं भावंड पण त्याच क्लबमध्ये पोहत असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्याला पाण्यात पाठवू नका, आणि कोचला कारण स्पष्ट सांगून ठेवा म्हणजे कुणी त्याला प्रॅक्टिसला का येत नाहीस म्हणून फोन करणार नाही.